खानदेशांतील रानपिंगळा

गांवाजवळच्या निंबावर बसणारा पिंगळा आमच्या शेतकरी बंधूंस परिचित आहे. त्याचाच भाऊबंद रानपिंगळा सातपुड्याच्या सागवानी रानांत राहतो. इ. स. १८७३ मध्यें ह्यूम यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. परंतु १८८४ नंतर तो शास्त्रज्ञांस सांपडेना. माइनर्ट्झहागेन यांनीं १९१४ सालचा म्हणून दाखविलेला नमुना पुढें लबाडीचा ठरला; त्यामुळें शोध भलत्याच ठिकाणीं चालला होता. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्यें, त्या वेळच्या धुळें जिल्ह्यांत, शहाद्याजवळ पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांस तो सकाळच्या उन्हांत उघड्या फांदीवर बसलेला दिसला. पुढें जळगांव जिल्ह्यांतील यावलच्या रानांतही तो आढळला.

घुबडाची जात म्हणून यास रात्रीं शोधूं नये. तो बहुतांशीं दिवसां शिकार करतो. मातकट रंगामुळें तो वाळल्या फांदीशीं मिसळून जातो, पण शेपटी झटकन् आजूबाजूस हलवितो. नजर तेथेंच ठेवावी. साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा; छाती तपकिरी व पोट पांढरें.

उंदीर, सरडे व मोठे किडे हें याचें भक्ष्य. घरटें जुन्या झाडांच्या ढोलींत. म्हणून रानालगत शेत असणाऱ्यांस आमची विनंति आहे, कीं ढोलीचें झाड निरुपयोगी समजून तोडूं नये व अशुभ मानून या पक्ष्यास दगड मारूं नये. एकदां हरवलेला हा शेजारी पुन्हां हरवूं देणें आपणांस शोभणार नाहीं.