दोन चाके की चार?

उल्हासनगरच्या वस्त्यांना 'कॅम्प' का म्हणतात? दुसऱ्या महायुद्धात तेथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित आले. 'कॅम्प ४' हे नाव त्या छावणीचीच खूण. त्याच युद्धात, १९४१ पासून, जीपगाडी मोठ्या संख्येने बनू लागली.

जीपच्या चालकाजवळ एक जादा दांडा असतो. त्याच्या एका स्थितीत एंजिनाची शक्ती फक्त मागच्या दोन चाकांना मिळते, दुसऱ्या स्थितीत चारही चाकांना. मग नेहमीच चार चाके का वापरू नयेत?

सायकलची चाके ओली करून कॅम्प ४ मधल्या एखाद्या मोकळ्या, कोरड्या पटांगणावर वळवून पाहा. दोन रेघा उमटतील. पुढच्या चाकाची रेघ बाहेरून, लांबून जाईल. जीपचेही तसेच. मात्र चारही चाके जोडली, की पुढच्या व मागच्या आसांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. वाटेतला फरक चाके थोडी घसरूनच भरून निघतो. चिखलात ती सहज घसरतात. कोरड्या डांबरावर घर्षण मोठे. त्यामुळे दंतचक्रांवर ताण येतो, टायर झिजतात, गाडी वळायला जड जाते.

म्हणून कोरड्या, पक्क्या रस्त्यावर दोन चाके. चिखल, वाळू किंवा निसरडा चढ असेल तर चार. काही नव्या मोटारींत दोन आसांमध्ये फरक सामावणारी दंतचक्रे असतात. त्या सदैव चार चाकांवर चालू शकतात.

एक मात्र विसरू नका. ब्रेक सर्वच मोटारींच्या चारही चाकांना असतात. चौचाकी जोडणीने गाडी चिखलातून निघते, पण ओल्या रस्त्यावर लवकर थांबत नाही. तेथे वेग कमी ठेवणे हाच उपाय!