गॅझेटिअरनंतर कोण?

शहापूर-मुरबाडच्या पुराणवस्तूंचा शोध घेणारा अभ्यासक आजही आधी १८८२ सालचे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर उघडतो. माहुली, आटगावच्या प्राचीन देवळाचे अवशेष, नाणेघाट, सगळे त्यात भेटते. नाव इंग्रज साहेबाचे असले, तरी त्यातल्या पुरातत्त्वाच्या टिपणांमागे पंडित भगवानलाल इंद्रजींची मेहनत होती. नाणेघाटच्या लेखातल्या अंकांवर त्यांनी त्याआधीच निबंध लिहिला होता.

पुण्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले, कारण तिथे वाड्यावाड्यांत दप्तरे होती. मुरबाड-शहापूरचा वारसा मुख्यतः डोंगरात. तो कपाटात ठेवता येत नाही, म्हणून इथे जतन म्हणजे आधी पायपीट.

वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढला की माथ्याजवळ सातवाहनांचे लेणे लागते. राणी नागनिकेच्या ब्राह्मी लेखात अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि गाई, घोडे, हत्ती, कार्षापण यांच्या दक्षिणा मोजून लिहिल्या आहेत. एवढा जुना हिशेब भारतात फार थोड्या ठिकाणी दगडावर आहे. समोरच्या भिंतीतल्या राजघराण्याच्या मूर्ती मात्र गेल्या. वरची नावे उरली, म्हणून मूर्ती कुणाच्या होत्या एवढे तरी कळते. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून सांगतात. पर्यटकांना रांजणच जास्त आवडतो, आणि पावसाळी शनिवार-रविवारी गर्दी होते ती धबधब्यासाठी. लेणे त्या गर्दीत नुसता आडोसा होऊन बसते.

शहापूरच्या माहुलीची गोष्ट वेगळी. भंडारगड, माहुली आणि पळसगड मिळून हा दुर्ग. १६३६ साली इथेच शहाजीराजांनी मोगल-आदिलशाहीपुढे शस्त्र ठेवले आणि निजामशाही संपली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात गेलेला गड १६७० मध्ये मराठ्यांनी परत घेतला. आसनगावहून सोयीचा म्हणून तरुणांची झुंबड असते. टाक्यांतला गाळ काढणारे, वाट साफ करणारे गट दुर्गप्रेमींत आहेत, त्यांचे कौतुकच. पण गाळ उपसताना हाती लागलेल्या खापराची, घडीव दगडाची नोंद कोण ठेवतो? नोंद नसेल तर स्वच्छता पुराव्यालाही झाडून नेते.

मुरबाडचा सिद्धगड आठवणीच्या बाबतीत भाग्यवान. २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यलढ्यातल्या आझाद दस्त्याचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथे पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी माणसे अभिवादनाला जमतात. ज्या जागेला तिथी आहे ती जागा माणसे विसरत नाहीत. देवळाबाहेर ऊनपाऊस खाणाऱ्या वीरगळाला, म्हणजे वीराच्या स्मारकशिळेला, तिथी नसते. वीरगळांकडे लोकांना वळवण्याचे काम ठाण्याच्या सदाशिव टेटविलकरांसारख्या अभ्यासकांनी केले. त्यांचे आणि डॉ. दाऊद दळवींचे नाव ज्या कोकण इतिहास परिषदेशी जोडलेले आहे, तिच्या अधिवेशनांमुळे गावपातळीवरचे शोध निबंधांत उतरू लागले. पण परिषद साऱ्या कोकणाची. दोन तालुक्यांना आपले मंडळ हवे, आणि त्याने इमारतीच्या निधीमागे न लागता आधी अशा दगडांची, मूर्तींची यादी करावी.

घाई आहेच, कारण भोवतालची जमीन बदलते आहे. १८९२ पासून शहापूरच्या तानसा धरणाचे पाणी मुंबईला जाते. त्या धरणाची सुमारे २.८ किलोमीटर लांबीची दगडी भिंत हाही आता वारसाच आहे. आता समृद्धी महामार्गही शहापूर तालुक्यातून गेला. जमिनींचे भाव चढले की बांधावरचा शेंदूर फासलेला दगड जेसीबीला अडथळा वाटतो.

यादीच्या सुरुवातीला मुरबाडची म्हसा यात्रा बरी. पौष पौर्णिमेला बैलबाजार, घोंगड्या आणि म्हसोबा यांच्यासाठी मुरबाडच काय, आजूबाजूचे तालुके तिथे लोटतात. एका राहुटीत सुट्या मूर्ती-दगडांची छायाचित्रे मांडावीत, खाली गाव, शिवार आणि दगड कुणाच्या बांधावर आहे एवढेच विचारावे. म्हातारी माणसे पुढचे आपणहून सांगतील. सांगणाऱ्याचे नाव त्याच वहीत, त्याच तारखेला लिहून घ्यावे.