ठळक तिरपा टंक : चौघांतला धाकटा

रोमन अक्षरांच्या रेषांच्या टोकांशी जे बारीक पाय दिसतात, त्यांना सेरिफ म्हणतात. अशा सेरिफ टंकाची सरळ, तिरपी, ठळक आणि ठळक तिरपी ही चार रूपे आज संगणकावर एकत्रच मिळत असल्याने ती एका वेळी घडली असावीत असा समज होतो; वस्तुतः चौथे रूप बरेच उशिराचे आहे.

तिरपा टंक, म्हणजे इटालिक, व्हेनिसमधील मुद्रक आल्दुस मानुतिउस याच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो याने कोरला आणि १५०१ मध्ये व्हर्जिलच्या काव्याची छोटेखानी आवृत्ती त्यात छापली गेली. विद्वानांच्या धावत्या हस्ताक्षरावरून घेतलेल्या या टंकात प्रारंभी सबंध पुस्तके निघत. सरळ मजकुरातला एखादाच शब्द वेगळा दाखवण्याचे काम त्याच्याकडे पुढे आले. ठळक टंकाचे कूळ मात्र एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या जाहिरातींत सापडते, आणि १८४५ मध्ये लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीने क्लॅरेंडन टंक काढला तेव्हा चालू ओळीतच जाड शब्द बसवण्याची चांगली सोय झाली.

हस्ताक्षराची लय आणि जाहिरातीचे वजन ही दोन्ही एका अक्षरात नांदवणे अवघड असते, कारण तिरपे अक्षर मुळात अरुंद असल्याने रेषा जाड करताच त्याच्या पोटातली मोकळी जागा शाईने बुजू लागते. म्हणून कुशल टंककार उभ्या रेषाच जाड करतो, जोडरेषा बारीक ठेवतो आणि अक्षर थोडे रुंदावतो. सरळ अक्षर नुसते कलते केल्याने हे साधत नाही: टाइम्स न्यू रोमनच्या ठळक तिरप्या रूपात छोटा ‘ए’ आपला वरचा मजला टाकून देतो, छोटा ‘एफ’ ओळीच्या खाली उतरतो, तर ‘एन’च्या पायांऐवजी लेखणी उचलल्यासारखे वळण येते.

अक्षरजुळणीच्या लायनोटाइप यंत्राच्या एका साच्यावर सामान्यतः सरळ अक्षर आणि त्याचा एकच जोडीदार मावत असे. त्यामुळे या चौथ्या रूपाला तेथे क्वचितच वाव मिळाला. संगणकावर ठळक आणि तिरपे अशी दोन बटणे एकदम दाबता येऊ लागली, तेव्हाच ते बहुतेक टंकसंचांचे आवश्यक अंग बनले. त्याची खरी गरज मोजक्याच ठिकाणी पडते. आंब्याचे मँगिफेरा इंडिका हे शास्त्रीय नाव तिरपे छापण्याचा संकेत असल्याने ते ठळक शीर्षकात आले की आपोआप ठळक तिरपे होते. गणितात सदिश राशींची चिन्हेही याच टंकात देण्याची पद्धत आहे. परिच्छेदच्या परिच्छेद त्यात छापणे हा मात्र वाचकाच्या डोळ्यांवर अन्याय होय.

देवनागरीत सरळ आणि तिरप्या अक्षरांची अशी जोडी परंपरेने घडलीच नाही. मोडी ही धावती लिपी खरी, पण छपाईत ती देवनागरीची सोबतीण न होता स्वतंत्रच राहिली. त्यामुळे मराठी मजकुरावर तिरपे करण्याचे बटण दाबले असता बहुधा केवळ यांत्रिक कल मिळतो. शिरोरेषा आडवीच राहते आणि बाकीचे अक्षर तेवढे कलंडते. मराठीत शब्दावर जोर देण्यास साधा ठळक टंक पुरतो, तेव्हा मुद्रकांनी व संपादकांनी दुसरे बटण दाबू नये.