घरचा बेकार मुलगा आणि आपण

"मुलगा पदवीधर झाला, आतां त्याला नोकरी लागली कीं आम्ही सुटलों," असें म्हणणारे वडील प्रत्येक आळींत भेटतात. 'नोकरी लागणें' हा आपल्या भाषेंतील प्रयोग मोठा बोलका आहे. दिवा आपण लावावा लागतो, झाड आपण लावावें लागतें. नोकरी मात्र आपोआप 'लागते'! ती लागली नाहीं म्हणजे दोष नशिबाचा, नाहीं तर त्या मुलाचा. परंतु कामाची तयारी करणें, जागा हुडकणें आणि मिळालेली जागा टिकविणें, या तीन निरनिराळ्या खटपटी आहेत, व त्या तिहींत घरच्या माणसांचा वांटा आहे, याचा विचार आपल्या कुटुंबांतून फारसा झालेला दिसत नाहीं. तो येथें करावयाचा आहे.

माझा पुतण्या आमच्याच घरीं, बदलापुरास असतो. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन त्याला तीन वर्षें झालीं होतीं, आणि तीं तिन्ही सरकारी परीक्षांचे अर्ज भरण्यांत गेलीं होतीं. पहिल्या वर्षीं त्याच्या अभ्यासासाठीं घरांतला दूरचित्रवाणी संच बंद राहत असे. दुसऱ्या वर्षीं पाहुणे आले म्हणजे तो माडीवर जाऊन बसूं लागला. तिसऱ्या वर्षीं दळण आणणें, विजेचें बिल भरणें, आजीला दवाखान्यांत नेणें, हीं सर्व कामें न सांगतां त्याच्याकडे आलीं, आणि "तूं तर रिकामाच आहेस" हें वाक्य घरांतलीं लहान पोरेंही बोलूं लागलीं. एके दिवशीं तो मला म्हणाला, "काका, नोकरी नाहीं याचें वाईट वाटतेंच, पण मी पानावर येऊन बसलों कीं सगळे गप्प होतात, त्याचें जास्त वाटतें." मला उत्तर सुचलें नाहीं. कारण गप्प होणाऱ्यांत मीही होतों.

त्यानंतर आम्ही घरांतील वडीलधारी माणसें प्रथमच या विषयावर एकत्र बसलों. धडा घेण्यास लांब जावयाचें नव्हतें. बदलापुराहून आगगाडींत बसलें कीं अंबरनाथ, आणि त्यापुढें उल्हासनगर. सारी पाव तासाची वाट.

उल्हासनगर हें मूळचें लष्करी छावणीचें ठिकाण. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ सरकारनें सैनिकांसाठीं बराकी बांधल्या. युद्ध संपलें, बराकी ओस पडल्या. आणि १९४७ सालीं फाळणी होतांच सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं त्या भरून गेल्या. जवळजवळ एक लाख माणसें या छावणीत आलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वसाहतीस 'उल्हासनगर' हें नांव मिळालें; तरी लोक अजून 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असेंच म्हणतात. सिंधमध्यें ज्यांचीं दुकानें व पेढ्या होत्या, अशा घरांतलीं माणसेंही येथें बराकीच्या एका कप्प्यांत राहिलीं. बायकांनीं पापड लाटले, लोणचीं घातलीं. पुरुषांनीं व मुलांनीं आगगाडीच्या डब्यांतून किरकोळ माल विकला. त्यांतूनच पुढें लहान कारखान्यांचें व बाजाराचें हें गांव उभें राहिलें.

ही कथा सांगून "पाहा, ते कसे चिकाटीचे, आणि तूं?" असें मुलास टोचणें सोपें आहे. पण त्या कथेचें मर्म तें नव्हे. त्या बराकींतून एकटा माणूस बेकार नव्हता; सारें कुटुंब बेकार होतें, आणि म्हणूनच सारें कुटुंब कामाला लागलें. कोणतें काम हलकें, हा प्रश्न मागें पडला. कोठें काय मिळतें ही बातमी एका बराकींतून दुसऱ्या बराकींत गेली.

सरकारासही त्या काळीं हेंच उमगलें होतें. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांस कामें मिळवून देण्यासाठीं १९४५ सालीं सेवायोजन कचेऱ्या निघाल्या. फाळणीनंतर निर्वासितांचा भार त्यांच्यावर आला, आणि १९४८ पासून त्या सर्वांसच खुल्या झाल्या. १९५० सालीं कारागिरांच्या शिक्षणाची योजना सुरू झाली. आज ज्यांस आपण आय.टी.आय. म्हणतों त्या संस्था याच योजनेखालीं चालतात. १९५९ च्या कायद्यानें ठराविक आस्थापनांस आपल्याकडील रिकाम्या जागा या कचेऱ्यांस कळविणें भाग पडलें. म्हणजे हाताला कसब हवें आणि जागेची बातमी हवी, या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हें तेव्हांच ओळखलें गेलें होतें. आज ही नांवनोंदणी घरबसल्या संगणकावर होते. मात्र नांव नोंदवून स्वस्थ बसणें म्हणजे पत्र पेटींत टाकून पोस्टमनची वाट पाहत दारांत उभें राहण्यासारखें आहे.

आतां अंबरनाथ. शके ९८२ चें, म्हणजे इ. स. १०६० चें शिवमंदिर ज्या गांवीं आहे, त्याच गांवीं आगपेट्यांचा विमको कारखाना विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून पुढें कित्येक वर्षें चालला. स्वातंत्र्यानंतर तेथें संरक्षण खात्याचे कारखाने आले, आणि १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर अंबरनाथ व बदलापूर या दोन्ही ठिकाणीं औद्योगिक वसाहती वाढल्या. संरक्षण कारखान्यांतील जागा म्हणजे जन्माची भाकरी, असें आमच्या वडिलांची पिढी मानीत असे. परंतु १ ऑक्टोबर २०२१ पासून तेही कारखाने खात्याकडून सरकारी कंपन्यांकडे गेले. कोणतीही जागा आतां दगडावरची रेघ राहिलेली नाहीं. टिकतें तें अंगचें कसब.

आमच्या बैठकींत मीं शिकाऊ उमेदवारीची गोष्ट काढली. १९६१ सालच्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यान्वयें कारखान्यांतून मुलांस विद्यावेतन देऊन काम शिकवितात. २०१४ च्या दुरुस्तीपासून हें दार कला-वाणिज्याच्या पदवीधरांसही उघडें झालें आहे. ज्या आस्थापनेंत तीस किंवा अधिक माणसें आहेत, तिनें आपल्या माणसांच्या शेंकडा २.५ ते १५ इतके उमेदवार घ्यावेत, असा आजचा नियम आहे. हें ऐकून माझे वडील बंधु म्हणाले, "पदवी घेऊन उमेदवारी? लोक काय म्हणतील?" तेव्हां आमच्या आईनें आठवण दिली कीं, आमचे आजोबा मामलेदार कचेरींत वर्षभर बिनपगारी उमेदवारी करून मग कारकून झाले होते. उमेद धरून कामाशीं राहतो तो उमेदवार! शब्द आपलाच, रीत आपलीच. मधल्या काळांत आपण ती विसरलों, इतकेंच.

मग आम्हीं कामें वांटून घेतलीं. त्याच्या काकूनें त्याचा अर्ज तपासला व इंग्रजींतले मोठे शब्द काढून त्याला प्रत्यक्ष काय येतें तें लिहविलें. जमाखर्चाची संगणकावरची पद्धत तो दोन महिन्यांत शिकला. थोरल्या बंधूंनीं शेजारपाजारीं 'मुलाला नोकरी नाहीं' असें चोरून सांगण्याऐवजीं 'मुलगा हिशेबाचें काम शोधतो आहे' असें उघड सांगितलें. आणि दळण-बिलाचीं कामें घरांतल्या सर्वांवर सारखीं वांटलीं. नोकरीसाठीं आगाऊ पैसे मागणाऱ्यास दारांतूनच परत पाठवावयाचें, हाही नियम ठरला. खरा मालक पगार देतो, मागत नाहीं.

अखेर अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींतील एका लहान कारखान्याच्या हिशेबखात्यांत त्याला वर्षाची उमेदवारी मिळाली. खरी परीक्षा मात्र पुढेंच होती. दुसऱ्याच महिन्यांत एका बिलांत त्याच्या हातून चूक झाली, सर्वांदेखत बोलणीं बसलीं, आणि "उद्यांपासून जात नाहीं" असें म्हणून तो घरीं आला. पूर्वीं असतें तर आमच्यांतील निम्मे "अपमान कशाला सोसतोस?" म्हणाले असते आणि निम्मे "तुझ्याच्यानें कांहीं व्हायचें नाहीं." त्या रात्रीं आईनें फक्त "जेव, आणि नीज, सकाळीं पाहूं" एवढेंच सांगितलें. सकाळीं डबा नेहमींच्या वेळीं भरलेला होता. तो डबा उचलून तो गेला. पहिले सहा महिने नोकरी टिकते ती बहुधा अशा लहान गोष्टींवर: वेळेवरची झोंप, नेमकी गाडी, भरलेला डबा, आणि कार्यप्रसंगासाठीं रजा काढावयास न लावणारे नातलग.

हें मुलांपुरतेंच आहे असें समजूं नये. मूल लहान म्हणून काम सोडलेली सून दोन-चार वर्षांनीं परत कामावर जाऊं पाहते, तेव्हां तिलाही हीच मदत लागते. सकाळचा स्वयंपाक तिनेंच करावा आणि सहाची गाडीही तिनेंच गांठावी, असें म्हणणाऱ्या घरानें तिची नोकरी टिकली नाहीं तर आश्चर्य करूं नये.

गोष्टीचा शेवट अगदीं गोड नाहीं. वर्ष संपलें तेव्हां त्या कारखान्यांत कायमची जागा नव्हती. उमेदवारास जागा दिलीच पाहिजे असें कायद्यानेंही बंधन नाहीं. परंतु आतां त्याच्या हातीं अनुभवाचा दाखला होता, आणि मुख्य म्हणजे चार माणसें त्याचें काम ओळखत होतीं. त्यांच्यापैकींच एकानें उल्हासनगरांतील एका पेढीवरची जागा कळविली. तेथें त्यानें नियुक्तिपत्र मागून घेतलें, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक विचारून घेतला, आणि कामाला लागला. पगार बेताचाच आहे.

हल्लीं रात्रीं तो पानावर बसला कीं दिवसभरच्या गोष्टी सांगतो, आणि कोणी गप्प बसत नाहीं. ज्यांच्या घरीं अशी एक जागा अजून मुकी आहे, त्यांनीं नोकरी 'लागण्याची' वाट न पाहतां आज रात्रींच त्या मुलाशीं, त्या मुलीशीं चार शब्द बोलावेत. पुढची वाट तेथूनच सुरू होते.