आखूड नळीची किंमत

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले; नेमबाजीत हे यश मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. या प्रकारात अर्धस्वयंचलित पिस्तूल वापरतात, म्हणजे रिकामे काडतूस आपोआप बाहेर पडून दुसरे नळीत येते, मात्र प्रत्येक गोळीसाठी घोडा नव्याने दाबावा लागतो.

अशा पिस्तुलाशी आटोपशीर पिस्तुलांची तुलना करताना पुढच्या व मागच्या माशीतील, म्हणजे नेम धरण्याच्या खुणांतील, अंतर सर्वांत आधी पाहावे. स्पर्धेच्या नियमांत ते 220 मिलिमीटरपर्यंत चालते, आणि तेवढ्या अंतरात पुढची माशी अर्धा मिलिमीटर सरकली तर 25 मीटरवर गोळी सुमारे 57 मिलिमीटर भरकटते. आखूड नळीमुळे हेच अंतर 150 मिलिमीटर असल्यास चूक 83 मिलिमीटरवर जाते, आणि अचूकता फेरीतील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास तर अवघा 50 मिलिमीटर असतो. म्हणून खिशात मावणारे पिस्तूल नवख्याला सोपे वाटले, तरी लक्ष्यावर तेच अधिक कठोर ठरते. घोड्याचा दाबही तपासावा. स्पर्धेत तो किमान 1000 ग्रॅम लागतो. निवड करताना हेही लक्षात ठेवावे, की नऊ मिलिमीटर व्यासाच्या गोळीचे पिस्तूल भारतात सामान्य नागरिकाला प्रतिबंधित आहे.