टॉवर पडल्यावर निरोप कोण नेतं?

बिनतारी संदेशांचं वेड लागलं की माणूस आपत्तींचा इतिहासही वेगळ्या क्रमाने वाचायला लागतो. भूकंप किती तीव्रतेचा, पाऊस किती मिलिमीटर, हे मागे पडतं. पहिला निरोप कुणी, कशावरून आणि किती वेळाने पाठवला, याचा शोध सुरू होतो. माझं असं वाचन अनेक वर्षं चालू आहे आणि ते मला पुन्हा पुन्हा एकाच बाईंपाशी आणून सोडतं. त्यांचं नाव भारती प्रसाद, कॉल साइन व्हीयू२आरबीआय.

हॅम म्हणजे परवाना घेऊन हौसेने बिनतारी संच चालवणारी मंडळी. त्यांना दुर्मीळ ठिकाणाशी संपर्क साधण्याचं मोठं अप्रूप असतं. अंदमान-निकोबार हे असंच एक ठिकाण. बेटं लष्करीदृष्ट्या नाजूक, त्यामुळे १९८७ नंतर तिथून हौशी प्रक्षेपणाला परवानगीच नव्हती. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओमधल्या भारतीबाईंनी पाठपुरावा सोडला नाही. अखेर परवानगी मिळाली आणि डिसेंबर २००४ च्या सुरुवातीला त्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला पोचल्या. हॉटेलात संच मांडले, वर अँटेना चढल्या आणि व्हीयू४आरबीआय ही हाक हवेत गेली. जगभरचे हॅम तिच्यासाठी रात्री जागवू लागले. तोवर हा सगळा निव्वळ छंदाचा मामला होता.

२६ डिसेंबरला सकाळी साडेसहाच्या सुमारास जमीन हादरली. पाठोपाठ समुद्र आत आला. वीज गेली, फोन गेले. कार निकोबारवरचा हवाई दलाचा तळ उद्ध्वस्त झाला. सगळ्यात दक्षिणेचं इंदिरा पॉइंट चार मीटरहून अधिक खचलं आणि तिथलं दीपगृह पाण्यात उभं राहिलं. मुख्य भूमी हजार किलोमीटरहून दूर. अशा वेळी भारतीबाईंनी संच पुन्हा चालू केला आणि छंदाचं केंद्र आपत्कालीन केंद्र झालं. प्रशासनाचे निरोप, मदतीच्या मागण्या, कोण सुखरूप आणि कुणाचा पत्ता नाही याची माहिती त्या लहरींवरून मुख्य भूमीकडे जाऊ लागली. पुढे कार निकोबारलाही संच पोचवून दुसरं केंद्र उभं केलं गेलं.

हे जमलं कसं? मोबाइलचा निरोप टॉवर, तिथली वीज, डिझेल, केबल आणि एक्स्चेंज अशा साखळीतून जातो. त्यातली एक कडी निखळली की हातातला महागडा फोनही मुका होतो. हॅमची लघुलहर मात्र आकाशात शंभर ते काही शे किलोमीटर उंचीवर असलेल्या आयनांच्या थरांवरून परतून थेट हजारो किलोमीटरवर उतरते. दोन्ही टोकांना एकेक संच, एकेक बॅटरी, तारेची अँटेना आणि जाणकार माणूस असला की झालं. मधे कुणाची यंत्रणा लागत नाही.

यातली अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की हा संच पोर्ट ब्लेअरला होता तो सरकारी आपत्ती-नियोजनामुळे नव्हे. एका बाईंच्या चिकाटीमुळे होता. परवानगी महिनाभर लांबली असती तर २६ तारखेला तिथे हे केंद्रच नसतं. किल्लारीच्या १९९३ च्या आणि भूजच्या २००१ च्या भूकंपात हॅम मदतीला धावले होतेच. तरीही बेटांची दारं सतरा वर्षं बंद राहिली. सुरक्षेची काळजी मला मान्य आहे. पण परवानाधारक, परीक्षा दिलेल्या नागरिकाला दूर ठेवून सुरक्षा वाढते, हे मला पटत नाही. पुढे एप्रिल २००६ मध्ये पोर्ट ब्लेअरलाच देशविदेशातल्या हॅमचा मेळावा भरला. म्हणजे दार उघडता येत होतं.

स्मार्टफोन आल्यावर हे सगळं कालबाह्य झालं का? एका बाबतीत फोन निःसंशय सरस आहे. २०२३ मध्ये आपल्या सगळ्यांच्या खिशात जो कर्कश चाचणी-इशारा वाजला, ती सेल ब्रॉडकास्ट यंत्रणा. टॉवरच्या टप्प्यातल्या सर्व फोनना ती एकाच वेळी सावध करते आणि गर्दीने तुंबत नाही. संकट येण्याआधी याहून चांगलं साधन नाही. प्रश्न संकट आल्यानंतरचा आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिकोतले ९५ टक्के मोबाइल टॉवर बंद पाडले. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगालची वीज गेली, तेव्हा लोक दुकानांत सेलवरचे ट्रान्झिस्टर शोधत होते. आपल्याकडे २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, फोन लागेनात, तेव्हा अडकलेल्या मुंबईकरांना एफएमने धीर दिला. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं आणि रायगडची कित्येक गावं विजेविना, संपर्काविना राहिली.

सरकारलाही हे ठाऊक आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाइल उत्पादकांसाठी सूचनापत्र काढलं: फोनमध्ये एफएमची सोय असेल तर ती बंद करू नका, नसेल तर द्या. कारणांत आपत्तीचा स्पष्ट उल्लेख होता. माझ्या मते या विषयावरचा हा सर्वांत बोलका कागद आहे, कारण स्मार्टफोनच्या भर बहरात सरकारने रेडिओची गरज त्यात लेखी मान्य केली. पण सूचना म्हणजे सक्ती नव्हे. स्वीडनने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये घरोघरी पुस्तिका पाठवून बॅटरीवरचा रेडिओ जवळ ठेवायला सांगितलं. आपल्या आपत्ती प्राधिकरणांनी किनाऱ्यावरच्या आणि नदीकाठच्या प्रत्येक घराला इतकं तरी सांगायला हवं.

तेव्हा माझा निष्कर्ष स्पष्ट आहे. इशाऱ्यासाठी फोन, आणि फोन मेल्यानंतर ऐकायला ट्रान्झिस्टर, बोलायला हॅम. पहिलं आपल्याकडे आहे, उरलेली दोन जमवायची आहेत. घरात सेलवर चालणारा एक रेडिओ ठेवा, सेल दर पावसाळ्याआधी बदला आणि आपल्या भागातली आकाशवाणी कुठे लागते ते घरच्या सगळ्यांना शिकवा. आणि शाळा-महाविद्यालयांनो, विज्ञान मंडळात हॅमच्या परीक्षेची तयारी सुरू करा. तालुक्यातालुक्यात एक परवानाधारक हॅम तयार होणं हे अशक्य काम नाही.