वसईच्या गाडीत कोपर कुठून आलं?

आजचा भाग खारबाव स्टेशनच्या बाकावरून. वसई-दिवा मार्गावर मेमू मोजक्याच, त्यामुळे आमच्याकडे गप्पांना वेळच वेळ.

परवा इथेच कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, "दादा, एनकॅप्सुलेशन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम, सगळ्या व्याख्या पाठ आहेत. पण कोड लिहायला बसलो की डोकं चालत नाही. मला हे जमणारच नाही बहुतेक."

जमेल रे. व्याख्या नंतर आल्या, आधी गरज होती. नॉर्वेतल्या ओले-युहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांना खऱ्या जगातल्या घडामोडींची नक्कल कम्प्युटरवर करायची होती. त्यातून त्यांच्या सिम्युला भाषेत १९६७ साली क्लास आणि ऑब्जेक्ट आले. मग आपणही समोरच्या गाडीपासूनच सुरुवात करू.

मेमू हा क्लास, म्हणजे साचा. दिव्याला जाणारी गाडी एक ऑब्जेक्ट, वसईला जाणारी दुसरा. साचा तोच, पण एकीचे पुढचे थांबे भिवंडी रोड आणि कोपर, दुसरीचे कामण रोड आणि जुचंद्र. जिची यादी तिच्याकडे.

त्याने पायथनमध्ये 'थांबे' ही रिकामी लिस्ट थेट क्लासखाली लिहिलेली. (हो, पायथन ३ मध्ये नाव देवनागरीत चालतं!) दिव्याच्या गाडीत कोपर टाकलं, तर वसईच्या गाडीतही कोपर! आणि शेजारीच लिहिलेलं 'उशीर = 0' मात्र व्यवस्थित चालत होतं. इथे कुणीही चक्रावेल. मीही चक्रावलो होतो.

कारण बघा. क्लासखालची लिस्ट एकच आणि दोन्ही गाड्या तीच वापरतात. ॲपेंड केलं की त्याच लिस्टमध्ये भर पडते. पण सेल्फ डॉट उशीरमध्ये दहा मिळवले, की पायथन त्या गाडीच्या नावाने वेगळी नोंद करतो. क्लासमधला शून्य तसाच राहतो. मांडणी दोन्हीकडे सारखी, फटका एकीकडेच.

उपाय एका ओळीचा. इनिट फंक्शनमध्ये सेल्फ डॉट थांबे बरोबर रिकामी लिस्ट, असं लिहा. इनिट प्रत्येक गाडी तयार होताना चालतं, म्हणून प्रत्येकीला नवी यादी मिळते. आणि सेल्फ म्हणजे फक्त 'ही गाडी'. त्या मुलाला हे कळलं तेव्हा तो फलाटावरच मोबाइलमध्ये कोड बदलत बसला.

तुम्हीही आज करून बघा. दोन गाड्या बनवा, एकीतच थांबा टाका, दोन्ही याद्या प्रिंट करा. आधी चुकीचा कोड चालवा हं, नंतर बरोबर. इनहेरिटन्स पुढच्या भागात.

दिवा गाडी आली वाटतं. चला, पळतो!